रणजितचं पैलाड

रणजितच्या रक्षाविसर्जनाला निघायचं म्हणून मी चप्पल घालत होते आणि फोन वाजला. सकाळचे सात. पडद्यावर त्याचं नाव आणि खाली तीन शब्द : "अक्का, आज नद्या."

एका पायात चप्पल, एक पाय उघडा, तशीच मी उंबऱ्यावर बसले... मग ध्यानात आलं. महिन्याच्या सुरुवातीला त्यानेच माझा फोन हातात घेऊन कॅलेंडरात रोज सकाळची एक आठवण लावून ठेवली होती, सबंध महिन्याची. एक दिवस डोंगर, एक दिवस देव, एक दिवस मीठ कुठून येतं ते. माणूस डेंग्यूने चार दिवसांत वारला. त्याने लावलेल्या आठवणींना ते कोण कळवणार?

ही आठवणींची भानगड काय, ते सांगायला हवं. इंटरनेटवर हौशी लिहिणाऱ्यांचा एक गट आहे. ते वर्षातला एक महिना ठरवतात आणि त्या महिन्यात प्रत्येकाने रोज बसून एक नसलेलं जग लिहून काढायचं. तिथला बाजार, तिथले कायदे, जेवण, भुतं, भांडणं, सगळं. बक्षीस नाही, काही नाही. रणजित दोन वर्षं हे लांबून बघत होता, यंदा उतरायचं त्याने ठरवलं. आधीचा एक महिना तयारीचा, रोज एक विषय. त्या तयारीच्या मधोमध हे झालं.

रणजित माझा मामेभाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. हातकणंगल्याजवळ मामाचं गाव, थोडी शेती, चार म्हशी. आयटीआय करून तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीनवर लागला. मी कोल्हापुरात एका छापखान्यात मुद्रितं तपासते. आईकडचं आणि वडिलांकडचं, दोन्ही घराण्यांत पहिली पदवी माझी. मराठी घेऊन बी.ए. झाले. लोकांच्या पुस्तकांतल्या चुका काढून मी पोट भरते आणि त्याचा मला अभिमान आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडलं ते त्या अभिमानापायीच.

सुट्टीच्या दिवशी तो माझ्याकडे यायचा. कंपनीतल्या वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर त्याने त्याचा मुलूख मांडलेला असायचा. मुलखाचं नाव पैलाड. आमच्याकडे नदीच्या पलीकडच्या काठाला पैलाड म्हणतात. मी म्हटलं, "अरे, असल्या कथांत मोठमोठे राक्षस असतात, जादूगार असतात. तुझ्यात काय आहे?"

"म्हशी हायत की."

"म्हशी?"

"हसू नको अक्का. माणूस खोटं बोललं की तिथली म्हैस दूध देत न्हाय. आता सांग, कोर्टाची गरज हाय काय तिथं?"

मी त्याला पहिल्या दिवसापासून कथा लिहायला सांगत होते. तो ऐकायचा नाही. मशीनवर काम करणाऱ्याची त्याची रीत होती. "लोखंडाचा जॉब बसवला आन् लगेच मशीन चालू केलं तर टूल तुटतंय, अक्का. आदी झिरो घ्यावा लागतो. कुठनं मोजायचं ते मशीनला दावावं लागतंय. मुलखाला बी झिरो पायजे." आठवडाभर विचार करून त्याने पैलाडचा झिरो ठरवला : नदीच्या उतारावरचा एक धोंडा, ज्याच्यावर बायका धुणं आपटतात. त्या मुलखातलं प्रत्येक अंतर त्या धोंड्यापासून मोजायचं. देऊळ किती लांब, राजा किती लांब, मरण किती लांब... मरणाचं अंतरही त्याने लिहिलं होतं. हाकेच्या टप्प्यात.

मामाला हे पटायचं नाही. एकदा मी गावी गेले होते तेव्हा जेवताना मामा म्हणाला, "हितल्या बांधावरनं भाऊबंदांत डोकी फुटाल्यात, आन् ह्यो नवा मुलूख काढतोय. तिथला सातबारा कुणाच्या नावावर हाय रं?"

रणजित भाकरी मोडत म्हणाला, "तुमच्याच नावावर लावलाय की आबा. निम्मा अक्काच्या."

मामी हसता हसता ठसकली. मामाही हसला, पण तोंड फिरवून.

आमच्यात वाटणी अशी ठरली होती. मुलूख तो करणार आणि भाषा मी शुद्ध करणार. ही शुद्धीची ओढ मला कुठून लागली तेही सांगते. आमच्या भागात बायकाही स्वतःबद्दल बोलताना 'आलतो, गेलतो' म्हणतात. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी वर्गात उभी राहून म्हणाले, "सर, मी काल गावाला गेलतो," आणि सगळा वर्ग हसला. एका मुलाने मागून विचारलं, "आणि पावणं, परत कधी आला?" त्या दिवसापासून 'गेलतो' माझ्या तोंडातून बाहेर पडलं नाही. आजही पडत नाही.

रणजितने तयारीची चाळीस पानं टाइप करून मला पाठवली. त्यात पानोपानी 'गेलता, गेलती, गेलतं'. मी संगणकाला हुकूम दिला, एका दमात सगळीकडे 'गेला होता, गेली होती, गेलं होतं' झालं. बाकीचंही घासूनपुसून घेतलं. रविवारी तो आला, खुर्चीत बसून त्याने पानं वाचली.

"कसं झालंय?"

"झाक केलंयस की. पुस्तकागत वाटतंय."

"मग तोंड का पाडलंस?"

"न्हाय, कुठं काय... चहा टाक की."

चहा घेतला, गाडीला किक मारली आणि वळताना हात केला. पुढच्या रविवारी तो दवाखान्यात होता. ती आमची शेवटची भेट, आणि त्या भेटीत मी खूश होते, हे मला आता सोसत नाही.

रक्षाविसर्जन झालं, दिवस झाले, आणि आठवणी मात्र रोज सातला येत राहिल्या. 'अक्का, आज वारं.' 'अक्का, आज पोरांचे खेळ.' त्या बंद करता येतात हे मला माहीत आहे, बोटाचं काम आहे. मी बंद केल्या नाहीत. उलट पावणेसातलाच चहा घेऊन फोनसमोर बसायला लागले. वाजला की दचकायचं आणि नाही वाजला तर काय, या भीतीने पुन्हा दचकायचं, असा तो पंधरवडा गेला. मग एका सकाळी आलं : "अक्का, आज मेल्याली माणसं. वहीत बघ."

वही मला ठाऊकच नव्हती. त्या दिवशी रजा टाकून मी गावी गेले. मामीने काही न विचारता त्याच्या कपड्यांखालून जाड पुठ्ठ्याची वही काढून दिली. सोप्यात बसून मी पान शोधलं. त्याच्या गिचमिड अक्षरात, जसं बोलायचा तसंच लिहिलेलं :

'पैलाडात मेल्याल्या माणसाला गेला म्हणायचं न्हाय. गेलता म्हणायचं. गेलता म्हंजे जाऊन आला. दारात आल्याल्यालाच आपुन इचारतो, कुठं गेलतास? तसं. मेल्यालं माणूस रोज सकाळी घरला येतंय, दिसत न्हाय. पन घरात कुनी गेला म्हटलं की त्याला वाट घावत न्हाय. मग ते धोंड्यापाशी बसून ऱ्हातंय.'

त्याच्याखाली वेगळ्या पेनाने, घाईत लिहिलेल्या दोन ओळी होत्या. 'अक्कानं बदललंय. ती शिकल्याली हाय, तिचं बरोबर आसंल. कायदा दुसरा करू.'

टाइप केलेल्या पानांत हा कायदा नव्हता, नुसता त्याने पाळलेला 'गेलता' होता. चाळीस पानांतल्या सगळ्या मेलेल्या माणसांची वाट मी एका हुकमात बंद केली होती आणि त्याने मला एका शब्दाने अडवलं नव्हतं. उलट माझ्या पदवीसाठी तो आपल्या मुलखाचा कायदा मोडायला निघाला होता. वर्ग हसला तेव्हा मला जे झालं, तेच मी त्याला केलं होतं, फक्त न हसता.

मामी समोर येऊन बसली. "काय लिवलंय गं पोरानं?"

मी वाचून दाखवलं. शेवटच्या दोन ओळी सोडून. त्या वाचायचं धाडस झालं नाही, ते इथे कबूल करते. मामीने डोळे पुसले नाहीत. तेवढ्यात शेजारची एक म्हातारी पायरी चढून आली आणि बसता बसता रोजच्यासारखी सुरू झाली, "सोन्यासारखं लेकरू गेलं गं..."

"म्हातारे," मामी म्हणाली, "बस, चा पी. पन माझ्या घरात गेलं म्हणायचं न्हाय."

"मग काय म्हणू बाई?"

"गेलतं म्हण."

म्हातारी गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. शिकलेली मीच ना तिथे. मी मान हलवली. "व्हय आज्जी," मी म्हणाले, "तसंच म्हणत्यात."

घरी आल्यावर मी पानं उघडली. रणजितने पाठवलेली मूळ प्रत होती, ती लावली की काम संपलं असतं. पण मला एवढ्या सहज सुटायचं नव्हतं. माझ्याच प्रतीत बसून एकेक जागा हाताने दुरुस्त केली. दुरुस्त हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. त्या गटाचा लिहायचा महिना परवा सुरू झाला आणि त्याच्या नावाने मी रोज लिहिते. त्याच्यासारखं मला सुचत नाही. म्हशींचं तर मुळीच जमत नाही. धोंड्यापासून अंतर मोजते आणि पुढे सरकते.

एक अडचण मात्र दुरुस्तीपासूनच होती. 'गेलता' लिहिलं की संगणक त्याच्याखाली लाल रेघ ओढायचा. चूक आहे म्हणून. दर ओळीला लाल, पानभर लाल, मी आयुष्यभर लोकांच्या कागदांवर ओढल्या तशाच रेघा. शेवटी पहिल्या दिवशी त्या शब्दावर माऊसचं उजवं बटण दाबलं. यादी उघडली. त्यात सर्वांत खाली होतं, 'शब्दकोशात जोडा'.

जोडला. सगळ्या रेघा एकदम पुसल्या गेल्या.