बहात्तर मेगाहर्ट्झ आणि देवाचा नारळ

रिमोटची विमानं उडवणाऱ्यांना किस्से जमवावे लागत नाहीत, विमानांसारखे ते आपोआप पडत राहतात! आमच्या तिघांचे तर इतके झालेत, की आमच्या आचरा गावाबाहेर सांगायची लाज वाटते. तुम्ही आपले म्हणून सांगतो.

*

आमच्यातला बाबल बोटीवर असतो. गेल्या सुट्टीत त्याने अमेरिकेहून तीन रेडिओ आणले, बहात्तर मेगाहर्ट्झचे. बँकेतून रिटायर झालेले नाना खोका वाचून ओरडलेच.

"अरे, ही फ्रिक्वेन्सी थंय चलता, आपल्याकडे नाय! हंय टू पॉइंट फोर गिगाहर्ट्झ मोकळी आसा."

"नानांनू, सड्यार कोण बघूक येतलो?" बाबल म्हणाला. सडा म्हणजे गावकरांच्या मालकीचं कातळाचं पठार, तिथेच आम्ही विमानं उडवतो.

"माझो मी माळ्यार टाकतंय!" नाना म्हणाले. आम्ही दोघांनी माना खाली घातल्या आणि रेडिओ ठेवून घेतले.

*

तरी मनाला खात होतं. विचारावं म्हणून ओरोसला, जिल्ह्याच्या सरकारी ऑफिसात गेलो. एका टेबलावर शुद्ध मराठीत म्हटलं, "साहेब, वारंवारतेची परवानगी कुठे मिळेल?"

"वारंवारतेचं माहीत नाही. पण वारंवार यावं लागेल!"

सगळं ऑफिस हसलं. बरं झालं हसलं! पिशवीतला बेकायदेशीर रेडिओ मी त्यांना काढून दाखवणारच होतो.

*

बाबलचा आणि माझा रेडिओ एकाच चॅनेलचा. एकाचं विमान वर असताना दुसऱ्याने बटण दाबलं की वरचं खाली! म्हणून कपड्यांचा एक चिमटा ठेवला होता. ज्याच्या कॉलरला चिमटा, त्यानेच रेडिओ लावायचा.

एका रविवारी बाबलचं विमान वर होतं. चिमटा माझ्या कॉलरला दिसला, मी बटण दाबलं. विमान गेलं ते थेट गावकरांच्या अंगणात सुकत घातलेल्या कोकमाच्या सोलांत!

"चिमटो माझ्याकडे आसा!" मी ओरडलो.

"माझ्याकडेय आसा! आज बायलेन घरसून नवो दिल्यान!"

गावकरीणबाई लाल झालेलं विमान घेऊन आल्या. "ह्या परत देव, की हेची सोलकढी करू?" मला तोंड वर करवेना. गावकरांनी सडा आम्हाला बंद केला.

*

खरं वाईट वाटलं ते नानांचं. अख्खा पावसाळा पडवीत बसून त्यांनी नवं विमान केलं होतं. "हात थरथरूक लागले आसत, रे. औंदा नाय उडवलंय तर कधी?" म्हणाले आणि स्वतः गावकरांकडे गेले. यापुढे सगळे कायद्याचेच रेडिओ, असा शब्द देऊन आले.

"माका नको, देवाक सांगा," गावकर म्हणाले.

रविवारी सड्यावर नारळ ठेवला. आम्ही दोघे तेच जुने रेडिओ असलेल्या पिशव्या पाठीमागे धरून उभे. गावकरांनी देवाला गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या तिघांनी आज सरकारान मोकळ्या केलेल्या फ्रिक्वेन्सीचेच रेडिओ हाडले आसत. तर त्यांची इमाना सांभाळ, आणि कोणाच्या सोलांत पाडू नको रे म्हाराजा!"

आता रिवाजाप्रमाणे आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणायचं. बाबल आभाळ बघू लागला. मी पिशवी आणखी मागे सरकवली. निदान नाना तरी म्हणतील म्हणून आम्ही दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं.

नानांच्या पिशवीतून माळ्यावरच्या रेडिओची अँटेना डोकावत होती, आणि ते खाली वाकून विमानाचं चाक पुसत होते. विमान अजून खोक्यातच होतं!