फाइलमधल्या पत्त्यावर भेटलेली मुलगी

या ग्रुपचे जुने मेंबर मला ओळखत असतील. भुताखेताच्या प्रत्येक अनुभवाखाली "आधी घरातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तपासा, त्या वायूने भास होतात" अशी कमेंट टाकणारी ती खडूस बाई म्हणजे मीच! नागपूरला आमच्या बाबांनी दाराला लिंबू-मिरचीसुद्धा कधी लावू दिली नाही, आणि पुढे मी वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. जे परत घडवून दाखवता येत नाही त्याला बग म्हणायचं नाही, एवढं सरळ डोकं माझं. तर ज्यांची ज्यांची मी चेष्टा केली त्यांची आधी माफी मागते. आता तुम्ही माझी करा, हरकत नाही.

मी जॉर्जिया राज्यात अल्फारेटाला राहते. नोकरी सोडल्यावर घरात बसून नवऱ्याच्या चुका काढण्यापेक्षा काहीतरी बरं करावं म्हणून फोस्टर केअरमध्ये रिव्ह्यूअर झाले. म्हणजे काय, तर आई-वडिलांकडे सुरक्षित नसलेली मुलं कोर्ट दुसऱ्या कुटुंबांत ठेवतं. अशा प्रत्येक मुलाचा एक प्लॅन असतो — कुठे राहणार, शाळा कुठली, भावंडं कधी भेटणार. केसवर्करने दर महिन्याला मुलाला घरी जाऊन भेटायचं आणि नोंद करायची. आणि दर सहा महिन्यांनी माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाने तो प्लॅन तपासायचा. "पुरेसा आहे" यावर सही केली की गाडी पुढे. "पुरेसा नाही" लिहिलं की केस लगेच जजपुढे. काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, नाव सांगत नाही, अल्फारेटाची नाही एवढं पुरे. नावंही सगळी बदलली आहेत.

तिथली एक केसवर्कर म्हणजे केतकी. इथेच जन्मलेली. आमच्या रविवारच्या मराठी शाळेत तिला मी अ-आ-इ-ई गिरवायला शिकवलंय, तिच्या आईबरोबर माझी पंधरा-सोळा वर्षांची मैत्री. सगळी मुलं कंप्युटरकडे पळत असताना ही सोशल वर्क करते म्हणाली तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता! इथल्या मराठी मंडळात ज्याला त्याला सांगत सुटले होते. तिच्या नोंदी अशा सुरेख असायच्या — "आज तिने मला नवीन चित्र दाखवलं," "आज केस कापलेत, छान दिसतात." नियम असा की सहीआधी रिव्ह्यूअरने मुलाला एकटं भेटायचं. बाकीच्या केसवर्करांच्या मुलांना मी झक मारत जाऊन भेटायचे. केतकीच्या मुलांना... नाही. तिच्या नोंदी वाचायच्या आणि सही करायची. आपली मुलगी आहे, ती कशाला खोटं लिहील? ही चूक माझी, आधीच कबूल करून टाकते.

एप्रिल होता. जॉर्जियात राहणाऱ्यांना सांगायला नको, पाइनचे पराग असे पडतात की गाड्या, बाकं, पायऱ्या, सगळं हळद सांडल्यासारखं पिवळं. एका मैत्रिणीला डॉक्टरकडे सोडलं होतं आणि मध्ये दीड तास होता. केतकीच्या एका केसचा पत्ता तिथून दहा मिनिटांवर — अकरा वर्षांची मुलगी, हिला आपण मॅडी म्हणू. रिव्ह्यू पुढच्याच आठवड्यात होता. म्हटलं, चला, या वेळी भेटूनच येऊ. कोणाला न कळवता गेले.

चार वाजून दहा मिनिटं. राखाडी रंगाचं एकमजली घर, पुढे तीन लाकडी पायऱ्या. मुलगी वरच्या पायरीवर बसली होती. फाइलमधल्या फोटोत होती तशीच, फक्त केस वाढलेले. पायांत नुसते मोजे. मी कोण ते सांगितलं, बिल्ला दाखवला, आणि तिच्या शेजारी बसले. आत कोणी आहे का विचारलं तर म्हणाली, "येतील आता."

मग मी नेहमीचा पहिला प्रश्न विचारला — इथे कसं चाललंय? (ती इंग्रजीत बोलत होती, मी मराठीत लिहिते.)

"मी लाँड्री रूममध्ये झोपते," ती म्हणाली. "ड्रायरच्या बाजूला. आठ वाजले की घरातल्या बाई बाहेरून कडी लावतात."

मी वही काढली. अगदी शांतपणे सांगत होती हो ती, भाजीची यादी सांगावी तशी. बहिणीला, रोझीला, फोन करू देत नाहीत. ड्रायरच्या मागच्या बाजूला, जिथे कोणी बघत नाही तिथे, तिने स्ट्रॉबेरीचे स्टिकर लावलेत. किती? "नऊ."

"केतकीला सांगितलंस का हे?"

"ती येतच नाही. थंडी होती तेव्हापासून नाही आली."

हे ऐकून मला काय वाटलं, खरं सांगू? राग आला. त्या पोरीचा! मनात म्हटलं, कशाला खोटं बोलते ही, मागच्याच महिन्यातली नोंद मी स्वतः वाचली आहे. तरी सगळं लिहून घेतलं. "मी बघते," म्हटलं आणि उठले. माझी काळी पँट मागून पूर्ण पिवळी झाली होती. ती पण उठली, दाराकडे वळली... तिचे पांढरे मोजे अगदी स्वच्छ. एवढ्या पिवळ्या पायऱ्यांवर. आणि तिच्या अंगाला नुकत्याच वाळलेल्या गरम कपड्यांचा वास येत होता. हे दोन्ही मला तेव्हा जाणवलं, पण डोक्यात काही शिरलं नाही.

गाडीत बसून लगेच केतकीला फोन लावला. "अगं, तुझ्या मॅडीला भेटून आले आत्ता. घरी जाऊन."

"घरी? म्हणजे... त्या ॲड्रेसला?"

"मग कुठे? पायऱ्यांवर बसून पंधरा मिनिटं बोललो आम्ही." आणि मी लाँड्री रूमचं, कडीचं सगळं सांगितलं.

ती हलकं हसली. "मावशी, ती स्टोरीज बनवते गं. फाइलमध्ये लिहिलंय मी. मी लास्ट वीकच गेले होते, शी हॅज हर ओन रूम. तू रिव्ह्यूमध्ये नको टाकूस, उगाच जजपुढे जाईल आणि प्लेसमेंट डिस्टर्ब होईल. मी चेक करते ना. ट्रस्ट मी."

फाइलमध्ये खरंच तसं वाक्य होतं — मुलगी गोष्टी रचते. पुढच्या आठवड्यात मी सही केली. प्लॅन पुरेसा आहे.

सहा आठवड्यांनी रिव्ह्यूची मॅडीच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवलेली प्रत परत आली. पाकिटावर शिक्का, या पत्त्यावर कोणी राहत नाही. मी तशीच गाडी काढली. तेच राखाडी घर, त्याच तीन पायऱ्या, खिडक्यांना पडदे नाहीत आणि आत एक खुर्चीसुद्धा नाही. शेजारचे आजोबा झाडांना पाणी घालत होते. म्हणाले, ते कुटुंब टेक्सासला गेलं, व्हॅलेंटाइन्स डेच्या आधीच. तेव्हापासून घर रिकामं. "आणि ती मुलगी?" "ती तर त्याच्याही आधी गेली."

बाप रे! फोनच्या मॅपमध्ये एप्रिलमधला तो दिवस काढून बघितला — चार वाजून आठ ते चार सव्वीस, हाच पत्ता. म्हणजे मी आले होते, हे नक्की. मग मी बोलले कोणाशी?

केतकीला फोन केला. या वेळी ती हसली नाही. नुसतं म्हणाली, "मावशी, प्लीज, आपण आपसात बघू ना." तिथे माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन ठेवला आणि थेट तिच्या सुपरवायझरकडे गेले. डोलोरेस म्हणू तिला. तिने तासाभरात शोधून काढलं. मॅडीला जानेवारीतच "तात्पुरतं" म्हणून दक्षिणेला अडीच तासांवरच्या एका घरी हलवलं होतं. त्याची ईमेल केतकीला आली होती. तिने पत्ता बदललाच नाही. आणि दर महिन्याला, टेबलावर बसून, जुन्या घरातल्या भेटी लिहीत राहिली. नवीन चित्र, कापलेले केस... सगळं मनातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोलोरेस आणि मी त्या घरी गेलो. तिथल्या बाईंनी दार उघडलं, मागे मॅडी उभी होती. मला बघून ती दचकली नाही की काही नाही. म्हणाली, "तुम्ही तर येऊन गेलात. मी सांगितलं होतं तुम्हाला सगळं."

डोलोरेस माझ्याकडे बघायला लागली. मॅडीला आम्ही बाहेर अंगणात आणलं. डोलोरेसने विचारलं, "कुठे भेटलात तुम्ही?"

"जुन्या घरी. पायऱ्यांवर."

"तू तिथे कशी गेलीस?"

तिने खांदे उडवले. "मला वाटलं स्वप्न पडलं. शाळेतून आल्यावर ड्रायरपाशी झोपले होते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पण तुम्ही वहीत लिहून घेतलं होतं. मग काहीच का नाही केलं?"

मला तिथल्या तिथे रडू फुटलं. अकरा वर्षांच्या पोरीसमोर मी ओक्साबोक्शी रडले.

लाँड्री रूममध्ये पलंग नव्हता. "ती मुलगी आमच्या लेकीच्या खोलीत झोपते, खोटं बोलायची सवयच आहे तिला," असं त्या बाई म्हणाल्या. डोलोरेसने माझी वही मागून घेतली, एप्रिलचं पान वाचलं, आणि एकटीने ड्रायर पुढे ओढला. मागे स्ट्रॉबेरीचे नऊ स्टिकर होते. दाराला बाहेरून कडी होती. मॅडीला आम्ही त्याच दुपारी तिथून आणलं.

आता पुढचं. रोझी ज्या कुटुंबात राहते ते लोक मॅडीला घ्यायला तयार होते, पण फाइलमधल्या "मुलगी गोष्टी रचते" या एका वाक्याला घाबरत होते. उद्या आमच्यावरही आरोप केले तर? म्हणजे मॅडी खरं बोलते हे कागदावर यायला हवं होतं. आणि चौकशीत केतकीने काय सांगावं? की रिव्ह्यूअरनेही खोटी भेट लिहिली आहे, बघा, मुलगी तिथे नव्हतीच, तरी यांच्या वहीत भेट आहे! कागदावर बघितलं तर माझी भेट आणि तिच्या भेटी, काही फरक नाही. तोच पत्ता, तेच रिकामं घर.

पार्किंग लॉटमध्ये मी तिला गाठलं. म्हटलं, "केतकी, तुला लाज नाही वाटत?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मॅडीसाठी नव्हतं ते. "मावशी, यू आर अनबिलीव्हेबल. तू एप्रिलमध्ये फोन केलास ना, मला वाटलं तूही घरी बसूनच लिहितेस, माझ्यासारखीच. आय नेव्हर टोल्ड ऑन यू, कोणाला बोलले नाही मी! आणि तू माझं नाव दिलंस?"

माझ्यासारखीच! आई शपथ, थोबाडीत बसल्यासारखं झालं. जिचा हात धरून मी अक्षरं गिरवून घेतली, तिला माझ्याबद्दल हे वाटलं होतं. तिची आई त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. मंडळात कुजबुज चालते, आपल्याच मुलीचं करिअर संपवलं हिने. मॅडीचं नाव त्यांतल्या एकालाही माहीत नाही.

डोलोरेस मात्र भली बाई. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "लिही की फोनवर बोललात. सगळं जुळतं, तुझं कामही राहील." दोन दिवस मी चौकशीचा फॉर्म समोर घेऊन बसले. नवरा म्हणाला, "टाक लिहून, कोणाचं काय जातंय?" पण मॅडी सगळ्यांना सांगत होती की आम्ही पायऱ्यांवर बसलो होतो. मी फोन लिहिला असता तर परत तीच खोटी ठरली असती, तेही माझ्या सहीने. मी पत्ता लिहिला, वेळ लिहिली, पायऱ्या लिहिल्या. खाली लिहिलं, मुलीने सांगितलेला प्रत्येक शब्द खरा आहे. मॅपचा प्रिंट आणि वहीचं पान जोडलं.

ऑफिसने माझे आभार मानले आणि माझं काम थांबवलं. फाइलमधलं ते वाक्य डोलोरेसने स्वतः खोडलं. मॅडी आता रोझीच्या खोलीत झोपते एवढं मला कळलंय, त्यापुढचं कळवायची परवानगी नाही.

तुम्ही विचाराल, मग ते काय होतं? मला माहीत नाही. सगळं टेस्टरसारखं तपासून झालं. परत त्या घरीही जाऊन बसले, चार वाजून दहा मिनिटांनी, दोनदा. काही नाही. ती पोर झोपेत अडीच तासांचं अंतर कापून नेमकी त्याच पत्त्यावर कशी आली, जिथे तिला शोधायला कोणीतरी येईल, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ती एवढं करून आली आणि मी तरी गाडीत बसून घरी का गेले, याचं उत्तर आहे. केतकी आपल्यातली होती, आणि ती मुलगी नव्हती.