गॅलरीची सळई

समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक बाई गॅलरीच्या कठड्यावर ओली गोधडी पसरत होत्या. कठड्याची रेघ बाहेरच्या बाजूला किंचित उतरलेली दिसली आणि मी रस्त्यातच थबकलो. ही इमारत माझी. म्हणजे तिचा स्लॅब टाकला त्या सकाळी सळया तपासून मीच सही केली होती.

गॅलरीची सळई वरच्या अंगाला हवी, कारण सगळा भार तीच पेलते. मी पाहिली तेव्हा ती वरच होती, अगदी शपथेवर सांगतो. मग नारळ फुटला, मी पेढा खाल्ला, रजिस्टरात ‘तपासले’ असं लिहिलं आणि निघालो. त्यानंतर काँक्रीटची घमेली घेऊन माणसं दिवसभर तिच्यावरून चालली असणार. पायांखाली सळई दबते, हे आमच्या धंद्यात कोणाला ठाऊक नसतं? तरी संध्याकाळपर्यंत थांबत कोणीच नाही. मीही थांबलो नाही. काँक्रीट सुकलं की त्याच्या पोटात काय आहे ते कोणालाच दिसत नाही. वर फक्त सही उरते.

“ताई, गॅलरीत उभ्या राहू नका! आधी तपासून घ्या,” मी खालून ओरडलो.

“तपासलेली आहे हो काका,” त्या हसल्या. “इंजिनीयरच्या सहीचा कागद आहे सोसायटीकडे.”

आणि कठड्यावर ओणवून त्या गोधडीच्या सुरकुत्या काढू लागल्या. ती सही माझी आहे, एवढंच सांगायचं होतं.