अण्णा आणि चौदावा नियम

क्लबची नियमावली अण्णांना तोंडपाठ होती, पण ते ती कुणाला म्हणून दाखवत नसत. कुणी काही विचारलं की ते पान सांगायचे आणि म्हणायचे, "तुमी सोता बघा की. माझ्या तोंडाचं काय धरून बसताय." विचारणाऱ्याने पान उघडलं की उत्तर तिथेच असायचं.

सोलापूरच्या आमच्या क्लबात ते अडतीस वर्षं क्लार्क होते. घर विणकरांचं, घरात बोली तेलुगू, क्लबात मराठी. क्लब म्हणजे तरी काय, एक वाचनालय, दोन बॅडमिंटन कोर्ट, पत्त्यांची खोली आणि कडुलिंबाखाली वेताच्या खुर्च्या. पण सभासद होणं सोपं नव्हतं. दोन सभासदांनी नाव सुचवायचं, ते महिनाभर फलकावर राहायचं, आणि मग मतदान व्हायचं, तेही गोट्यांनी. नाव मान्य असेल तर पेटीत पांढरी गोटी टाकायची, नसेल तर काळी. दर दहा मतांत एक काळी निघाली तरी नाव गेलं.

पेटीच्या तोंडाला अण्णांनी जुन्या चादरीची बाही शिवली होती. दोन्ही गोट्या मुठीत घेऊन हात बाहीत घालायचा, एक आत सोडायची, उरलेली मुठीत झाकूनच शेजारच्या पिशवीत टाकायची. हात आत असताना अण्णा शेजारी उभे राहून पाच अंक मोजायचे, हळू आवाजात, तेलुगूत. पाच झाल्याशिवाय हात बाहेर काढायचा नाही आणि पाचनंतर ठेवायचा नाही. कुणाचा हात रेंगाळला, कुणाचा झटकन निघाला, यावरून लोक तर्क करतात, असं त्यांचं म्हणणं. एकदा एका बड्या डॉक्टरांनी तीनलाच हात काढला. अण्णांनी त्यांना पुन्हा घालायला लावला. डॉक्टर चिडून म्हणाले, "अण्णा, क्लब तुमचा की आमचा?" अण्णा म्हणाले, "क्लब तुमचाच. पेटी माझी."

मी करमाळा तालुक्यातल्या शाळेत शिकले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. सोलापुरात कॉलेजात नोकरी लागली आणि दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांनी क्लबसाठी माझं नाव सुचवलं. अर्जात वडिलांच्या व्यवसायाचा रकाना होता. माझे वडील बाजार समितीत हमाल. मी तो रकाना सोडून बाकी अर्ज भरला आणि अण्णांपुढे ठेवला. त्यांनी अर्ज माझ्याकडे परत सरकवला. "लिवा की हमाल. हमालाच्या पोरीला घेऊ नये असं कुटल्या पानावर हाय, दाखवा मला." मी लिहिलं. महिन्याने मी सभासद झाले. मला किती पांढऱ्या, किती काळ्या पडल्या, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही, पण तो रकाना भरताना सरळ झालेली माझी मान नंतर कुठेच खाली गेली नाही. हे त्यांचं देणं आहे.

अण्णा निवृत्त झाले तरी रोज संध्याकाळी पाहुणे म्हणून क्लबात यायचे. कडुलिंबाखाली बसायचे, चहा घ्यायचे, नव्या क्लार्कला पानं सांगायचे. पत्नी वारल्यावर तर दिवसातली तेवढीच वेळ ते कुणाशी बोलायचे. निवृत्तीनंतर वर्षाने जुन्या नोकराला सभासद होता येतं, हे मला कळलं. मी ठरवलं, अण्णांनी आता पाहुणा म्हणून का बसायचं? दुसरी सही मिळवली, अर्ज घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. मग आतून चष्मा आणला आणि सही केली.

मतदानाच्या वेळी उमेदवाराने आवारात थांबायचं नाही, म्हणून अण्णा रस्त्यापलीकडे चहाच्या गाड्याजवळ उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. आत एकवीस मतं पडली आणि तीन काळ्या निघाल्या. या माणसाने ज्यांची मुलं मांडीवर खेळवली होती, ज्यांच्या घरच्या लग्नांत पंगती वाढल्या होत्या, तेच सगळे आत बसले होते. कुणीच कुणाकडे पाहिलं नाही. मी बाहेर आले. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पेटीचं सील नियमापरमानं दोघांसमोर फोडलं न्हवं?"

मी हो म्हटलं.

"मग बरोबर हाय."

मी म्हणाले, अण्णा, आत चला, आपण नेहमीसारखा चहा घेऊ. ते हलले नाहीत. "आता मला आत येता येत न्हाय मॅडम. चौदावा नियम. मतदानात नाकारलेल्या माणसाला पाहुणा म्हणूनबी आत घ्यायचं न्हाय." मी घरी जाऊन नियमावली काढली. वर्षानुवर्षं ती माझ्या खणात होती आणि मी ती कधी पुरती वाचली नव्हती. दुसरी सही करणाऱ्यानेही वाचली नव्हती. रोजची जी एक खुर्ची त्यांना होती, ती मी माझ्या कृतज्ञतेने काढून घेतली.

मी राजीनामा लिहून त्यांच्याकडे नेला. त्यांनी तो फाडला. म्हणाले, "तुमी जाऊन काय हुणार? काळी टाकणारी ती तीन कमी झाली तर बात वेगळी." नियम बदलण्याचा ठराव मांडते म्हटलं, तर त्याला त्यांनी साफ नकार दिला. एका माणसासाठी बदलला तर उद्या एका माणसाविरुद्ध बदलतील, असं म्हणाले. पुढे अध्यक्षांनीच निरोप पाठवला की या, कुणी अडवणार नाही. ते गेले नाहीत. मी कॉलेज सुटल्यावर त्यांच्या घरी जाऊन बसायचे. ते क्लबविषयी काही विचारत नसत. हळूहळू बोलणंच कमी झालं, मग जेवण.

अण्णांना जाऊन आता दोन वर्षं होतील. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी होते. इतके महिने गिळलेला प्रश्न मी अखेर विचारला. मी नियम वाचला नव्हता, पण तुम्हाला तर पाठ होता. नाव गेलं तर दारही बंद होणार, हे ठाऊक असताना सही का केलीत?

 ते माझ्याकडे वळून, चूक कबूल केल्यासारखं म्हणाले, "मला वाटलं हुतं, माझ्या नावाला काळी टाकणारं तितं कोन न्हाय."