भेटीची तालीम

इस्पितळाच्या धुलाईघरात ती दिवसभर चादरींना इस्त्री करायची, म्हणून सगळे तिला इस्त्रीताई म्हणत. दिवसा चादरींच्या सुरकुत्या काढायच्या आणि संध्याकाळी आयांच्या चेहऱ्यावरच्या, असं ती स्वतःच म्हणायची. ज्यांची मुलं बालकल्याणवाल्यांनी नेली, अशा आया तिच्या खोलीवर येत. कुणी पाठवलं म्हणून विचारावं, तर उत्तर ठरलेलं: "तिथं बाकावर एक जण भेटली. म्हणाली, ताईकडं जा."

हा बाक बालकल्याण कार्यालयातला, भेटीच्या खोलीबाहेरचा. ताईनं तो स्वतः झिजवला होता. तिचा मुलगा चार वर्षांचा असताना नेला. नवरा पिऊन घरात मोडतोड करायचा आणि ती त्याला सोडत नव्हती, एवढं कारण पुरलं. पुढं तिनं नवऱ्याला सोडलं, पण एका भेटीत पोराचा निरोप घेताना असा हंबरडा फोडला, दाराची चौकट अशी धरली, की दोघांनी मिळून तिची बोटं सोडवली. पोराची भीतीनं चड्डी ओली झाली. मुलाला भेटीचा त्रास होतो म्हणून भेटी कमी झाल्या, मग बंद झाल्या, मग पोर कायमचं दुसऱ्या कुणाचं झालं. आता तो चांगला बाप्या झाला असेल. दारात कधी आला नाही.

दुधानं तोंड पोळलेली बाई ती. ताक फुंकून प्यायची आणि दुसऱ्यांनाही फुंकायला लावायची.

बेकरीवाली तिच्याकडं आली ती अशीच, बाकावरून. पहाटेच्या पाळीला जाताना ती पाच वर्षांच्या चिमीला झोपेतच ठेवून बाहेरून कुलूप लावायची. एकदा पोर लवकर उठली, खिडकीत चढून रडली, शेजाऱ्यांनी फोन केला, आणि चिमीला दुसऱ्या एका घरी नेऊन ठेवलं. आता आईनं पाळी बदलून घेतली होती, बहीणही राहायला येणार होती. एक भेट उरली होती. मग कार्यालयातल्या साहेबबाईंसमोर बैठक, आणि चिमी घरी येणार की नाही ते तिथंच ठरणार होतं.

ताईनं जमिनीवर फतकल मारली. "मी आता तुझी चिमी. बोल."

"चिमीचे गुडघे एवढे वाजत नाहीत, ताई."

"हस, हस. तिथंही अशीच हस. आई, मला घरी ने ना."

बेकरीवालीचे डोळे भरून आले.

"झालं. संपलं. कोपऱ्यात त्यांची निरीक्षक बाई असते, तिनं टिपलं बघ, आईला स्वतःला आवरता येत नाही. पुन्हा. आई, मला घरी ने ना."

"आज... आज आपण खेळायला भेटलोय."

"अस्सं. घरी न्यायचं कबूल काही करायचं नाही. तिनं मिठी मारली तर मारू दे, आपण झडप घालायची नाही. निघताना मागं वळायचं नाही. आणि रडायचं कुठं?"

"बसस्टॉपवर."

"त्याच्याही पुढं. त्यांची खिडकी तिकडंच उघडते."

आठवडाभर रोज तालीम चालली. शेवटी बेकरीवाली ते वाक्य असं म्हणू लागली, की पापणी हलेना.

भेटीला सोबत एकाला बसू देत. ताई दाराशी बसली. कोपऱ्यात निरीक्षक बाई होती. चिमी नवे बूट घालून आली आणि थेट ठोकळ्यांकडं गेली.

"तिकडं मला माझा पलंग आहे," ती म्हणाली.

"छान."

"तू मला न्यायला आलीस?"

"आज आपण खेळायला भेटलोय."

"मग घरी कधी?"

बेकरीवालीनं दाराकडं पाहिलं. ताईनं हळूच नाही म्हणून मान हलवली.

"आज आपण खेळायला भेटलोय."

चिमीनं आईला निरखलं, दुकानातल्या अनोळखी बाईला निरखावं तसं. मग तिनं ठोकळा उचलला आणि निरीक्षक बाईला नेऊन दाखवला. वेळ संपली तेव्हा बेकरीवालीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती चालू लागली. वळली नाही. बसस्टॉपच्या पुढं भिंतीला टेकून ती ओकारी यावी तशी रडली.

"शाब्बास, पोरी," ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "जिंकलीस."

बैठकीत निरीक्षक बाई अवघडून बोलली. मनानं वाईट नव्हती ती. "सांगायला बरं वाटत नाही. पण मूल विचारतंय घरी कधी, आणि आई त्याला हवापाण्याचं बोलावं तसं उत्तर देते. निघताना मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. मूल आईकडं गेलंच नाही, माझ्याकडं आलं."

सोबत आलेली ताई उठून उभी राहिली. "मॅडम, ते मी शिकवलं होतं. तिचा दोष नाही."

"काय शिकवलं?" साहेबबाईंनी विचारलं.

ताईनं सगळं सांगितलं, अगदी बसस्टॉपसुद्धा.

"म्हणजे आम्ही पाहिलं ते बसवलेलं होतं." साहेबबाईंनी पुढ्यातला कागद उलटला. "मग पाळी बदलली, बहीण येणार, हेही तुम्हीच बसवलंत?"

"नाही हो. ते खरं आहे."

"आता आम्ही ते कसं ओळखायचं?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चिमी आणखी सहा महिने तिकडंच राहणार, मग पाहू, असं ठरलं.

जिन्यात बेकरीवाली थांबली. "पुढच्या भेटीत रडू की नको, तेवढं सांगा."

ताईनं बरंच आठवून पाहिलं. "मला नाही सांगता येत गं."

"पोर माझ्याकडं परक्यासारखी बघत होती. मला तेव्हाच कळलं होतं, ताई. मी उठणार होते. तुमच्याकडं पाहिलं, तुम्ही मान हलवलीत, म्हणून बसून राहिले." आवाज चढला नाही तिचा. "पुढच्या वेळी तुम्ही आत येऊ नका."

ताई आत गेली नाही. पण बेकरीवालीच्या पुढच्या भेटीच्या दिवशी कामाची पाळी बुडवून बाकावर येऊन बसली. शेजारी एक ट्रकवाला हातात खेळण्यातली गाडी धरून बसला होता.

"तुम्हीच ना त्या इस्त्रीताई?" तो म्हणाला. "माझी पहिलीच भेट आहे. आत कसं वागायचं असतं?"

तेवढ्यात दाराआड कुणीतरी मोठ्यानं रडू लागलं. आई की लेक, बाहेरून कळत नव्हतं. एकदा थांबलं, पुन्हा सुरू झालं. ताई कान देऊन ऐकत राहिली. हे बरं चाललंय की वाईट, तेही तिला समजेना.

"ताई?"

"मला विचारू नका, दादा," ती म्हणाली. तो हिरमुसून खालमानेनं गाडीची चाकं फिरवत राहिला. त्याला आत बोलावेपर्यंत ती त्याच्याशेजारी बसून राहिली.