पुढची काच

समस्त ग्रामस्थांना अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, एकाहत्तरच्या लढाईत आमच्या वडिलांनी शत्रूचं जहाज बुडवलं नव्हतं. ते मी बुडवलं होतं. चौथीत असताना, मधल्या सुट्टीत, मूठभर चिंचांच्या बदल्यात.

वडील नौदलात होते, हे खरं. लढाईच्या वेळी समुद्रावर होते, हेही खरं. तिथली नोकरी संपवून ते एसटीवर ड्रायव्हर झाले आणि आमच्या गावावरून जाणारी श्रीरामपूर-राहाता गाडी वर्षानुवर्षं त्यांनीच चालवली. लढाईबद्दल मात्र चकार शब्द नाही. मग ती रिकामी जागा मी भरली. जहाज दरवर्षी थोडं मोठं होत गेलं आणि गावानं ते आनंदानं मानलं.

त्यांची एकच विचित्र खोड होती. गाडी सुटण्याआधी पुढची काच स्वतः पुसायची. पाणी, कागद, पुन्हा पाणी, पुन्हा कागद. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली तरी यांचं चालूच. आतून बाया ओरडायच्या, "अवं ड्रायव्हरसायेब, काच हाय का आरसा? चला की आता!"

यंदा सव्वीस जानेवारीला गावच्या शाळेनं त्यांना लढाईवर बोलायला बोलावलं. आदल्या संध्याकाळी ते मला म्हणाले, "तू बुडवलेलं जहाज उद्या वर काढतो." गाव त्यांना रामराम घालतं ते त्या जहाजापायी, असं मला वाटत होतं. त्यांनाही वाटत असावं. रात्री भाकरी अर्धीच खाल्ली त्यांनी.

माइकसमोर ते म्हणाले, "मी इंजिन रूममध्ये होतो. पाण्याच्या पातळीखाली. खिडकी नाही. वर तोफा सुटल्या की सगळं लोखंड थरथरायचं. आम्ही काटे बघायचो, तेल द्यायचो. वर काय चाललंय, आपण वाचतोय की नाही, काही कळायचं नाही. लढाई मी पाहिलीच नाही. जहाज वगैरे काही बुडवलं नाही."

ते झेंड्याच्या दोरीकडं बघत उभे, मी माझ्या चपलांकडं. तेवढ्यात दर बाजारी त्यांच्याच गाडीनं जाणारी म्हातारी भाजीवाली मागून मोठ्यानं म्हणाली,

"आदी सांगायचं न्हाई व्हय, ड्रायव्हरसायेब? आमी आपलं उगंच वरडायचो. दम खाऊन पुसा म्हनलं असतं की काच!"