पयले आयकू तं द्या

स्क्रू ड्रायव्हरचं टोक गाडीवर, मूठ कानाशी, डोळे मिटलेले आणि डावा पंजा आपल्याकडे रोखलेला. बोलू नका, असा त्या पंजाचा अर्थ. तरी कोणी बोललंच तर डोळे न उघडता म्हणायच्या, "पयले आयकू तं द्या मले."

अकोल्यात जठारपेठेच्या बाजूला राहणाऱ्या आणि सातच्या आत उठणाऱ्या लोकांनी त्यांना नक्की पाहिलं असेल. करडी इलेक्ट्रिक स्कूटर, पायाशी झेंडू-शेवंतीची टोपली, तिच्यावर ओलं गोणपाट. हाक मारायची पद्धत नाही. गेटला पुडी अडकवायची आणि पुढच्या दाराशी जायचं. एक्केचाळीस दारं. गाडीचा आवाज नाही, बाईंचा आवाज नाही. दार उघडलं की फुलं आलेली असत. सगळे त्यांना फुलवाल्या काकू म्हणायचे. मीही तेच म्हणायची, म्हणून इथे नाव लिहीत नाही.

मी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. यादी केल्याशिवाय मला काम सुचत नाही. मी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली ती काकूंनी घेतली त्याच दुकानातून, काकूंच्याच मॉडेलची, आणि आल्या दिवशी तिची फाईल केली. सर्व्हिसिंगच्या तारखा, पावत्या, वॉरंटीचा कागद, सगळं लावून. गाडीचं काही बिघडलं तर दुकान बघेल, आपण फाईल बघायची, अशी माझी समजूत होती.

ती समजूत एका सोमवारी सकाळी गेटापाशी संपली. गाडी चालू, मीटरवर आकडे, चार्ज पूर्ण, पण मूठ पिळली तरी जागची हलेना. दुकानात फोन केला. पलीकडच्या मुलीने दोन प्रश्न विचारले आणि सांगितलं, "कंट्रोलर गेला असेल मॅडम. गाडी आणून ठेवा, आठ दिवस लागतील." गाडी चालत नाही म्हणून फोन केलेल्या बाईला गाडी आणून ठेवा म्हणतात, यातलं काहीतरी मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

काकू पुडी अडकवायला आल्या. टोपली उतरवली, कमरेच्या पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि ती मगाशी सांगितलेली समाधी लावली. मी काहीतरी बोलले. पंजा वर झाला. मग डोळे उघडून त्या गाडीच्या मागे गेल्या.

"मॅडम, इकडं या. लाल दिवा जळून राहिला ना?"

"हो."

"तुमी ब्रेक दाबला काय?"

"नाही."

"पन गाडीले वाटते का तुमी दाबून ठेवला. ते बिचारी तुमचं आयकून उभी हाय."

ब्रेकच्या दांडीत एक बारीक खटका असतो. त्यात धूळ बसली होती. काकूंनी जुन्या टूथब्रशने तो घासला, फुंकर मारली, दिवा विझला आणि गाडी निघाली. माझ्या फाईलमध्ये या खटक्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

हे त्यांना कसं येतं, असं मी विचारलं तेव्हा त्या हसल्या. गावी त्यांचा फुलांचा मळा. विहिरीवरची मोटर बंद पडली की वायरमन तिसऱ्या दिवशी उगवायचा आणि तोवर शेवंती माना टाकायची. मग लग्नानंतर दोनेक वर्षांत त्यांनीच स्टार्टरची पेटी उघडायला सुरुवात केली. मोटरचा आवाज ऐकून दोष ओळखायचा, ही तिथली सवय.

"पण काकू, या गाडीला आवाज कुठे असतो? तुम्हाला ऐकू काय येतं?"

"काई नाई येत," त्या म्हणाल्या. "पन मानसं गप होतात. मंग सुचते."

त्या दिवसानंतर मी दोन याद्या केल्या आणि फ्रिजवर लावल्या. घरी करायची कामं: ब्रेकचा खटका, टायरची हवा, वायरचे जोड पुसून व्हॅसलिन, आरसे, स्क्रू घट्ट करणं. दुकानात करायची कामं: बॅटरीची पेटी, मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर, मोटर. दुसरी यादीही काकूंनीच सांगितली. पायाखालच्या झाकणावर कंपनीची पट्टी चिकटवलेली असते, आत बॅटरी. त्या पट्टीला त्यांनी कधी हात लावला नाही. "विहिरीवरची पेटी झटका देऊन सांगते का दूर हो. हे पेटी सांगत नाई, पेटते. तिले दुकानवालाच पायजे," त्या म्हणायच्या. घरी दुरुस्ती करणारी माणसं अडाणी धाडस करतात, असं दुकानवाले सांगत असतात. कुठे थांबायचं हे मला दुकानाने नाही, या बाईने शिकवलं.

आणि एप्रिलमध्ये त्यांचीच गाडी बंद पडली.

अकोल्याचा एप्रिल मी वाचकांना सांगायला नको. काकूंनी घरच्या यादीतलं सगळं तपासलं. ब्रेकचा खटका, सीटखालचा खटका, दिसणारे सगळे जोड. दोष सापडला नाही. म्हणजे तो पट्टीच्या आत होता. नियमाप्रमाणे गाडी ढकलत दुकानात गेली.

चौथ्या दिवशी दुकान म्हणालं, तक्रार वर पाठवली आहे. आठव्या दिवशी म्हणालं, उत्तर आलेलं नाही. बाराव्या दिवशी म्हणालं, सीटखालचे स्क्रू उघडलेले दिसतात, त्यामुळे वॉरंटी गेली असू शकते. असू शकते. हा शब्द मी फाईलमध्ये लिहून ठेवला आहे.

दरम्यान काकू सकाळच्या एसटीने येत होत्या. बस त्यांच्या गावात येते साडेसहाला, अकोल्यात उतरून चालत आमच्याकडे पोचेपर्यंत साडेआठ. देवपूजेला आठ वाजता फुलं आली नाहीत तर दुसऱ्या दिवशी लोक दुसरीकडून आणतात. त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो. एक दिवस त्यांनी मला सगळ्या दारांची यादी करायला लावली, त्यांचा पुतण्या रिक्षाने फुलं वाटून बघणार होता म्हणून. त्या तोंडाने सांगत गेल्या, मी लिहीत गेले. "पाच नंबर, गेटाले कुत्रा, पुडी उंच लावा. नऊ नंबर, पांढरी शेवंती, लाल नाई चालत. चवदा नंबर, आजी एकटी हायेत, बेल वाजवून पा." पुतण्याने दोन दिवस केलं आणि सोडलं. मग त्या रोज येऊन फुलं बंद केलेला एकेक नंबर मला सांगायच्या आणि मी तो खोडायची. सतरा नंबर मी होते. माझ्याही घरात त्या आठवड्यांत कोपऱ्यावरच्या दुकानातली फुलं आली. साडेआठला मला ऑफिसला निघायचं असतं. हे इथे लिहायलाच हवं.

एकविसाव्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि फाईल घेऊन काकूंबरोबर दुकानात गेले.

मॅनेजर तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. "मॅडम, सील तुटलेलं आहे, सिस्टीम पुढे जाऊच देत नाही."

"सील कुठलं? सीटच्या स्क्रूला सील नसतं. पायाखालच्या झाकणाला असतं. ते तुटलंय का?"

"ते बघावं लागेल."

"एकवीस दिवसांत बघितलं नाही?"

"टेक्निशियन अमरावतीहून येतो मॅडम."

मी म्हणाले की मूळची मी अमरावतीची, तिथून अकोल्याला यायला एकवीस दिवस लागत नाहीत. समोरच्या खुर्चीतला एक ग्राहक हसला. गाडी मागच्या शेडमधून आली, तिच्यावर धुळीचा थर. पायाखालची पट्टी जशीच्या तशी. काकूंनी स्क्रू ड्रायव्हर काढून कानाला लावला तेव्हा काउंटरवरची मुलं एकमेकांकडे पाहून हसू लागली. पंजा वर झाला. "पयले आयकू तं द्या मले." ती गप्प झाली.

"झाकन उघडा," काकू मॅनेजरला म्हणाल्या. "मी नाई उघडत. तुमी उघडा, माह्यासमोर."

चार स्क्रू. पाच मिनिटंही लागली नाहीत. आत बॅटरीच्या जोडावर हिरवा गंज चढला होता, आणि गंजाला चिकटून झेंडूच्या वाळक्या पाकळ्या.

काकू खाली वाकल्या. मला त्याच क्षणी कळलं. फुलांवर ओलं गोणपाट टाकायचं, दर तासाला पाणी शिंपडायचं, हे त्या जन्मभर करत आल्या होत्या. सायकलवर केलं, टेम्पोत केलं, काही बिघडलं नाही. या गाडीवर टोपली नेमकी बॅटरीच्या डोक्यावर बसत होती आणि पाणी फटीतून पाझरत होतं. मी त्यांचं मनगट दाबलं. बोलू नका, म्हणून.

"चूक माही हाय," त्या म्हणाल्या. "पानी माह्या गोनपाटाचं हाय."

मॅनेजरचा चेहरा उजळला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याने पेन हातात घेतलं आणि लिहिलं: ग्राहकाच्या चुकीने पाणी गेले, वॉरंटी लागू नाही. मग सांगितलं की हा जोड सुटा मिळत नाही, पूर्ण वायरिंग मागवावं लागेल, दीड महिना तरी धरा.

मला त्या माणसाचा राग आला तो अजून उतरलेला नाही. जे काम फक्त त्याचं होतं, ते त्याने एकवीस दिवस केलं नाही. ते काम त्याच्यासमोर उभं राहून एका फुलवालीने करून घेतलं, दोष सापडला, कारणही तिनेच सांगितलं, आणि तिच्या तोंडचं खरं त्याने तिच्याविरुद्ध कागदावर उतरवलं. चूक तिची, तर उशीर कोणाचा? चौथ्या दिवशी झाकण उघडलं असतं तर चूक हीच निघाली असती आणि दारं शाबूत राहिली असती. हा प्रश्न मी विचारला. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही फीडबॅक फॉर्म भरा."

बाहेर आल्यावर मी काकूंवरही चिडले. "गप्प राहता आलं असतं ना?"

"काहून? फूल सापडलं ना त्यात. ते काय कंपनीनं ठेवलं?"

मी तिथूनच बहिणीला फोन लावला.

माझ्या बहिणीच्या ओळखीचा एक कारागीर अमरावतीला आहे. आधी पंपाच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरायचा, आता या गाड्याही करतो. फुलांच्या टेम्पोत घालून काकूंनी गाडी तिकडे नेली. त्याने दुपारच्या जेवणाआधी जोड बदलून दिला. काकू स्टुलावर बसून पाहत होत्या. परत आल्यावर त्यांनी टोपलीखाली तांदळाच्या रिकाम्या प्लास्टिक पोत्याचं अस्तर घातलं आणि माझ्या फ्रिजवरच्या पहिल्या यादीत एक ओळ वाढवायला लावली: पायाखाली ओलं नको.

एक्केचाळीसपैकी अकरा दारं उरली होती. सतरा नंबर मी पुन्हा लिहिला. चौदाच्या आजींनी तर खाडाच केला नव्हता. साडेआठपर्यंत त्या देव तसेच ठेवायच्या. पण अकरा दारांसाठी रोज इतक्या लांबून येणं परवडत नाही, हे यादी न करणाऱ्यालाही कळतं. दिवाळीपर्यंत त्या आल्या. नंतर नांदगाव खंडेश्वरला बहिणीच्या शेतावर फुलं लावायला गेल्या. गाडी घेऊन गेल्या. फोन केला तर वाजत राहतो, शेतात असतात.

मागच्या महिन्यात सर्व्हिसिंगची तारीख होती म्हणून मी त्या दुकानात गेले. भिंतीवर नवा छापील बोर्ड: "पायाजवळ ओले सामान, ओले पोते ठेवू नये." शेजारी टोपलीचं चित्र, त्यावर लाल फुली. ही चूक आणखी कोणी केली का, असं विचारलं. मॅनेजर म्हणाला, "नाही मॅडम, या आमच्याच टिप्स आहेत."

मी पावती घेऊन बाहेर आले आणि मूठ पिळली. गाडी हलली नाही. मीटरवर आकडे, चार्ज पूर्ण.

मॅनेजर काचेचं दार ढकलून आला. मागून दोन मुलं आली. "कंट्रोलर असेल मॅडम. ठेवून जा. आठ दिवस..."

मी डिकी उघडली. फाईलच्या खाली स्क्रू ड्रायव्हर असतो. टोक गाडीवर टेकवलं, मूठ कानाशी धरली, डोळे मिटले आणि डावा पंजा वर केला.

"पयले आयकू तं द्या मले," मी म्हणाले.

मला काही म्हणजे काहीही ऐकू आलं नाही. पण तो गप्प झाला. मग मी डोळे उघडले आणि लाल दिवा पाहायला गाडीच्या मागे गेले.